भय, शंका आणि सद्धा

'श्रद्धा' हा शब्द उच्चारला की आपल्या समाजातील सुशिक्षित तरुण थोडा सावध होतो. ते स्वाभाविकच आहे. ज्या शब्दाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांना शतकानुशतके नवस-सायास, अंगात येणे आणि देवस्की यांत जखडून ठेवले गेले, तो शब्द पुन्हा घरात घेताना माणूस दहा वेळा विचार करणारच. तथापि पाली ग्रंथ उघडले की हाच शब्द 'सद्धा' या रूपात पानोपानी भेटतो. पाच इंद्रियांच्या यादीत सद्धा पहिली आहे. तिच्यानंतर वीर्य, स्मृती, समाधी आणि शेवटी प्रज्ञा येते. तेव्हा तथागतांना अभिप्रेत असलेली सद्धा कोणती, संकट आले असता ती कशी टिकते आणि मनात शंका आली म्हणजे ती नष्टच होते काय, याचा विचार धम्माच्या प्रत्येक विद्यार्थ्याने केला पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम शंकेविषयी. मज्झिम निकायातील चंकी सुत्तात 'अमूलिका सद्धा' असा शब्द आला आहे. म्हणजे जिला मूळच नाही, अशी सद्धा. आंधळ्यांची रांग एकमेकांचा हात धरून चालली आहे. पहिल्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही आणि शेवटच्यालाही दिसत नाही, अशी तिची उपमा तेथे दिली आहे. याउलट वीमंसक सुत्तात 'आकारवती सद्धा' हा शब्द येतो. कारणे पाहून, पारखून ठेवलेला विश्वास, असा त्याचा अर्थ होय. विशेष म्हणजे या सुत्तात तथागत स्वतःचीच परीक्षा घ्यायला सांगतात. शिष्याने डोळ्यांनी पाहावे, कानांनी ऐकावे, बोलणे आणि वागणे एक आहे की नाही हे बराच काळ तपासावे आणि मगच विश्वास ठेवावा. जगातल्या किती धर्मसंस्थापकांनी आपल्या शिष्यांना ही मुभा दिली असेल, हा प्रश्न वाचकांनी स्वतःला विचारून पाहावा.

माझी नोकरी बँकेतली. काउंटरवर रोज शेकडो नोटा हातांतून जातात. नोट उजेडात धरून पाहणारा कॅशियर खातेदाराचा अपमान करीत नसतो आणि रिझर्व्ह बँकेवर अविश्वासही दाखवीत नसतो. खऱ्या नोटेला उजेडाची भीती नसते, एवढेच. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले ते याच जातीचे आहे. त्या गावात एकामागून एक पंथांचे आचार्य येत, स्वतःचे मत थोर आणि दुसऱ्याचे खोटे असे सांगून निघून जात. कालाम गोंधळले. तथागतांनी त्यांना रागावले नाही. संशयास्पद गोष्टीत तुम्हाला संशय आला हे योग्यच झाले, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्यांनी लोभ, द्वेष आणि मोह यांचे परिणाम स्वतःच्या अनुभवाने तपासण्याची रीत त्यांना दाखविली.

मग 'विचिकिच्छा' ही पाच नीवरणांत का गणली आहे? येथे विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा होतो. विचारणारी शंका आणि रेंगाळणारी शंका या दोन वेगळ्या आहेत. पहिली शंका पाय उचलायला लावते, दुसरी पाय जागीच खिळवून ठेवते. सामञ्ञफल सुत्तात पाच नीवरणांना पाच उपमा दिल्या आहेत : कर्ज, आजार, तुरुंग, गुलामी आणि पाचवी उपमा म्हणजे धनधान्य घेऊन ओसाड, धोक्याच्या रानातून चाललेला प्रवासी. विचिकिच्छा म्हणजे ते रान. तिथे अन्न मिळत नाही आणि जीव सुरक्षित आहे की नाही हेही कळत नाही. ही उपमा लक्षात ठेवावी. पुढे एका खऱ्या वाळवंटाची हकिगत यायची आहे.

आता भयाविषयी. भयभेरव सुत्त हे माझ्या मते संपूर्ण त्रिपिटकातील सर्वांत प्रामाणिक सुत्तांपैकी एक आहे. जाणुस्सोणी नावाचा ब्राह्मण येऊन म्हणतो की घनदाट अरण्यात एकट्याने राहणे फार कठीण आहे. तथागत त्याला 'मला कधी भीती वाटली नाही' असे उत्तर देत नाहीत. संबोधीपूर्वी आपल्यालाही असेच वाटत असे, हे ते मान्य करतात. मग त्यांनी काय केले? ज्यांचे आचरण शुद्ध नाही त्यांना अरण्यात भय ग्रासते, असा विचार करून त्यांनी स्वतःची झडती घेतली. माझे कायेचे कर्म शुद्ध आहे काय? वाणी? उपजीविका? मनात लोभ, द्वेष आहे काय? एकेक गोष्ट पाहावी, ती शुद्ध आढळावी आणि त्या प्रमाणात अरण्यात राहण्याचा धीर वाढावा, असा तो क्रम आहे. शील आणि निर्भयता यांचा संबंध इतक्या साध्या रीतीने अन्यत्र क्वचितच सांगितला असेल. बँकेतले उदाहरण द्यायचे तर, ज्याची रोकड जुळलेली आहे त्याला तपासनीस आला म्हणून घाम फुटत नाही.

परंतु तथागत एवढ्यावर थांबले नाहीत. पक्षातील अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री, ज्या वेळी लोक भुताखेतांच्या भयाने घराबाहेर पडत नसत, त्या वेळी ते मुद्दाम भयाण समजल्या जाणाऱ्या वनांत आणि वृक्षस्थानांत जाऊन राहिले. रात्री एखादे जनावर जवळ येई, मोराच्या पायाने फांदी मोडे, वाऱ्याने पाचोळा सळसळे आणि मन म्हणे, हेच ते भय आले! तेव्हा त्यांनी ठरविले की, मी भयाची वाट पाहत का बसावे? ते ज्या स्थितीत असताना येईल त्याच स्थितीत त्याचा मोड करावा. चालत असताना भय आले तर ते मोडेपर्यंत ते थांबले नाहीत, बसले नाहीत आणि आडवेही झाले नाहीत. उभे असताना आले तर उभेच राहिले. बसले असताना आले तर उठले नाहीत.

परीक्षेच्या काळात ज्या विद्यार्थ्यांचे हातपाय गार पडतात त्यांनी हे सुत्त वाचावे. भय नाहीसे झाल्यावर काम करू, असे येथे कुठेच म्हटलेले नाही. हातात घेतलेले काम भयासकट चालू ठेवणे, ही येथली शिकवण आहे.

धजग्ग सुत्तात भिक्खूंना रानात भीती वाटली तर बुद्ध, धम्म आणि संघ यांचे गुण आठवावेत असे सांगितले आहे. याचा अर्थ कोणीतरी वरून येऊन वाचवील असा काढू नये. त्याच सुत्तात इंद्राची गोष्ट आहे. देवांना युद्धात भीती वाटली तर ते इंद्राच्या ध्वजाकडे पाहतात. पण इंद्र स्वतःच लोभ-द्वेष-मोहातून सुटलेला नाही, तोही भितो, तोही पळतो. म्हणून त्याच्या ध्वजाकडे पाहून भीती जाईलच याची खात्री नाही. जो स्वतः भयमुक्त आहे त्याच्याच स्मरणाने मन स्थिर होते, असा तेथील तर्क आहे.

या ठिकाणी आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. सुनापरान्त प्रदेशात जाऊन राहण्याची परवानगी मागणाऱ्या पुण्ण भिक्खूची कथा पुण्णोवाद सुत्तात आली आहे. सुनापरान्त म्हणजे आपला पश्चिम किनारा आणि संस्कृत अवदानातील पूर्णाचे शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा, असे अनेक विद्वान मानतात. त्या सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरुड राजाचा कोट' या नावाने ओळखली जाणारी टेकडी खणली, तेव्हा तेथे स्तूप निघाला आणि त्याच्या पोटात दगडी पेटीत अस्थिकरंडक व बुद्धमूर्ती सापडल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथलाच. ज्यांनी हे स्थळ अद्याप पाहिले नाही त्यांनी एकदा अवश्य जावे. चर्चगेटहून लोकलने जाण्याइतके ते जवळ आहे.

तर पुण्ण निघाला तेव्हा तथागतांनी त्याला विचारले की तेथील लोक तापट आहेत, त्यांनी तुला शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाला, हात उचलला नाही म्हणजे लोक चांगलेच आहेत, असे मी समजेन. हात उचलला तर? दगड मारले नाहीत, हे चांगले. मग दगड, मग काठी, मग शस्त्र आणि शेवटी जीवच घेतला तर? प्रत्येक पायरीवर पुण्णचे उत्तर तयार होते. ही उत्तरे ऐकल्यावर तथागतांनी त्याला अनुमती दिली आणि त्याच वर्षावासात पुण्णने तेथे पाचशे उपासक व पाचशे उपासिका तयार केल्या, असे सुत्त सांगते. मला या संवादात पुण्णच्या सहनशीलतेपेक्षा तथागतांची पद्धत अधिक महत्त्वाची वाटते. त्यांनी 'काही होणार नाही' असा पोकळ दिलासा दिला नाही. जे जे वाईट घडू शकते ते सर्व आधीच समोर मांडले आणि शिष्याला त्याच्याशी तोंडओळख करून दिली. आपल्या मुलांना शहरात शिकायला पाठविताना आपण किती जण असे बोलतो?

आता जवळच्या इतिहासाकडे वळू. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे म्हणजे आकारवती सद्धेचे या देशातील सर्वांत मोठे उदाहरण आहे. एवढा काळ पारख करून घेतलेला निर्णय आणि त्यानंतर अवघ्या त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण. ज्यांनी नुकतीच त्रिशरण-पंचशील ग्रहण केली होती, ज्यांना वंदना नीट पाठही झाली नव्हती, त्या लाखो लोकांच्या मनाची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल! विहार नाहीत, भिक्खू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथही १९५७ साली प्रसिद्ध व्हायचा होता आणि तोही इंग्रजीत. तरीही १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस लाख लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदविला. दहा वर्षांपूर्वी, १९५१ मध्ये, हा आकडा काही हजारांतच होता.

हा आकडा वाचताना आपण एक गोष्ट विसरतो. रकान्यात 'बौद्ध' लिहिणे हे त्या काळी फुकटचे नव्हते. मेलेले जनावर ओढणार नाही, गावकी करणार नाही, असे म्हणणाऱ्यांची कित्येक गावांत कामे बंद झाली, पाणी बंद झाले. महाराष्ट्र राज्याने पुढे आपल्या अखत्यारीत सवलती चालू केल्या, परंतु केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. तोवर प्रत्येक घरात दाखल्याच्या वेळी तोच पेच उभा राहत असे. पोटाच्या मुलाचे शिक्षण एका बाजूला आणि स्वीकारलेल्या धम्माचे नाव दुसऱ्या बाजूला. १९७८ मध्ये मराठवाड्यात नामांतराच्या प्रश्नावरून घरे जाळली गेली ती तर सर्वांना ठाऊकच आहेत. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली.

परंतु बाहेरच्या भयापेक्षा घरातले भय अधिक अवघड असते. आमच्या वऱ्हाडातल्या गावात दीक्षेनंतर देव्हारे नदीत गेले. त्यानंतर काही महिन्यांतच आमच्या घरात माझ्या थोरल्या काकांना, ते तेव्हा दोन वर्षांचे होते, गोवर निघाला आणि ताप काही केल्या उतरेना. शेजारीपाजारी बोलू लागले की मरीमाय कोपली. आजी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण. तिचा धीर सुटला. तेव्हा आमची पणजी म्हणाली, "देव घरात व्हते तवाही माहे दोन लेकरं गेलेच ना!" एवढे बोलून तिने बैलगाडी जुंपायला लावली आणि मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. पणजीला अक्षरओळख नव्हती. कालाम सुत्त तिने कधी ऐकलेही नसेल. पण अनुभवाशी पडताळून पाहण्याची तथागतांची रीत तिच्या त्या एका वाक्यात पुरती आलेली आहे.

काका वाचले. मात्र यावरून 'श्रद्धा ठेवली म्हणून वाचले' असा निष्कर्ष काढला तर आपण पुन्हा नवसाच्याच वाटेला लागू. त्याच हंगामात वस्तीतल्या दुसऱ्या एका घरातले मूल दगावले आणि त्या घराने शेंदराचा दगड गुपचूप परत आणून ठेवला, असे आजी सांगत असे. त्या घराला नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी आहे असे वाटत नाही. वस्तीने मात्र त्या घराला वाळीत टाकले नाही, रविवारच्या वंदनेला त्यांना बोलावीत राहिले, आणि काही वर्षांनी तो दगड त्यांनी आपणहून हलविला. डळमळलेल्या माणसाला एकटे न सोडणे हेही संघाचेच काम आहे, हे आमच्या वस्तीला कोणी शिकविले नव्हते.

मिलिंदपञ्ह या ग्रंथात नागसेनाने सद्धेची दोन लक्षणे सांगितली आहेत. चक्रवर्ती राजाचे सैन्य ओलांडून गेल्याने ओढ्याचे पाणी गढूळ झाले. त्यात पाणी निवळणारा मणी टाकताच गाळ खाली बसला, हे पहिले. दुसरे असे की, पुराने दुथडी भरलेल्या नदीकाठी लोक घोटाळत उभे आहेत. एक जण येतो, स्वतःची ताकद नीट जोखतो, काष्टा घट्ट बांधतो आणि उडी मारून पलीकडे जातो. त्याला पाहून बाकीचेही जातात. उडी मारण्यापूर्वी ताकद जोखली आहे, हे विसरू नये. आचार्य बुद्धघोषांनीही विसुद्धिमग्गात सद्धा आणि प्रज्ञा यांचा समतोल सांगितला आहे. नुसती सद्धा असलेला माणूस भलत्याच ठिकाणी विश्वास टाकतो आणि नुसती प्रज्ञा असलेला लबाड होतो; औषधानेच जडलेल्या रोगासारखा तो बरा होणे कठीण. आपल्याकडच्या काही विद्वान वक्त्यांना हे दुसरे वाक्य ऐकवावेसे वाटते, असो.

आता ते वाळवंट. ह्युएन त्संग हे नाव आपण शाळेच्या इतिहासात प्रवासी म्हणून वाचतो. तो भिक्खू होता आणि सरकारी बंदी मोडून देशाबाहेर पडला होता, हे मात्र पाठ्यपुस्तक सांगत नाही. चीनमध्ये मिळणाऱ्या ग्रंथांच्या भाषांतरांत परस्परविरोध होता, आचार्यांची मते जुळत नव्हती. त्याच्या शंका मिटेनात. म्हणून मूळ ग्रंथ पाहण्यासाठी त्याने भारतात जायचे ठरविले. म्हणजे या सोळा-सतरा वर्षांच्या प्रवासाचे मूळच शंका होते! ६२९ च्या सुमारास तो निघाला. सरहद्दीवर त्याला पकडण्याचा हुकूम येऊन पोहोचला. तेथील एका श्रद्धाळू अधिकाऱ्याने तो त्याला दाखविला आणि त्याच्यासमोर फाडून टाकला. पुढे ज्या वाटाड्याला त्याने पंचशील दिले होते, तोच रात्री सुरी उपसून त्याच्याकडे येऊ लागला. ह्युएन त्संग उठून बसला व पठण करू लागला. वाटाड्या माघारी फिरला आणि दुसऱ्या दिवशी सोडून गेला. टेहळणीच्या बुरुजापाशी पाणी घेताना त्याच्यावर बाण सुटले.

त्यानंतर आठशे ली लांबीचे वाळवंट. वर पक्षी नाही, खाली जनावर नाही, अशी ती भूमी. तेथे त्याच्या हातून पाण्याची पखाल निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. वाटही चुकली. तेव्हा त्याने घोडा मागे वळविला व पूर्वेकडे, चीनकडे, दहा-बारा ली तो परतही गेला. त्याचा शिष्य हुई-ली याने लिहिलेल्या चरित्रात ही गोष्ट लपविलेली नाही, याबद्दल त्या शिष्याचे आभार मानले पाहिजेत. मग त्याला आपला संकल्प आठवला : भारतात पोहोचेपर्यंत पूर्वेकडे एकही पाऊल टाकणार नाही. त्याने लगाम पुन्हा पश्चिमेकडे वळविला. चार रात्री आणि पाच दिवस घशात पाण्याचा थेंब नाही. तो वाळूत पडून अवलोकितेश्वराचे स्मरण करीत राहिला. पाचव्या रात्री गार वारा सुटला, घोडा उठला आणि मालकाचे न ऐकता आपल्या वाटेने चालू लागला. काही अंतरावर हिरवळ व पाण्याचे डबके लागले.

चरित्रकार याला बोधिसत्त्वाची कृपा म्हणतो. तो घोडा कुठून आला, हेही तोच सांगतो. निघण्यापूर्वी एका म्हाताऱ्याने त्याला सांगितले होते की तुझा तरणा घोडा या वाटेवर टिकणार नाही, माझा हा तांबडा म्हातारा घोडा हामीपर्यंत पंधरा वेळा जाऊन आला आहे, तो घे. ह्युएन त्संगने चांगला घोडा देऊन तो मरतुकडा घोडा घेतला होता. माझा विश्वास त्या घोड्यावर अधिक बसतो. परंतु पाचव्या रात्रीपर्यंत घोडा आणि स्वार दोघेही पश्चिमेकडे तोंड करून होते, म्हणूनच त्या घोड्याच्या अनुभवाचा उपयोग झाला, हेही तितकेच खरे आहे.

पुढे तुर्फानच्या राजाने त्याला आदराने अडकवून ठेवले, तेव्हा तीन दिवस अन्नपाणी सोडून त्याने सुटका करून घेतली. गंगेवर लुटारूंनी त्याला दुर्गेला बळी देण्यासाठी निवडले. बोधगयेला बोधिवृक्षापाशी पोहोचल्यावर तो रडला. तथागत संबोधीला पोहोचले तेव्हा आपण कुठे भटकत होतो, असे त्याला वाटले. एवढा प्रवास करूनही मन पूर्ण निवळले नव्हते, असे दिसते. नालंदेत तो शिकला, दक्षिणेत उतरला आणि ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला. येथे शंभरावर विहार व सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद त्याने केली आहे आणि पूर्व सीमेवरच्या डोंगरातील ज्या कोरीव विहाराचे वर्णन केले आहे ते अजिंठ्याचे समजले जाते.

परतताना सिंधू नदी ओलांडायची होती. ह्युएन त्संग हत्तीवरून पार झाला. ग्रंथ मात्र नावेत होते. मध्यप्रवाहात वादळ उठले, नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्या व चीनमध्ये लावण्यासाठी घेतलेले फुलांचे बियाणे वाहून गेले. पलीकडच्या तीरावर कपिशाचा राजा त्याच्या भेटीला आला होता. ह्युएन त्संगने तेथेच मुक्काम ठोकला, उड्डियान देशात माणसे पाठविली आणि त्यांनी हरवलेल्या पोथ्यांच्या नकला करून आणीपर्यंत पन्नासहून अधिक दिवस तो थांबला. ६४५ मध्ये तो राजधानीत पोहोचला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. दुसऱ्याच महिन्यात तो सम्राटाला भेटला आणि परतून भाषांतराला बसला.